पगडी काढावी की ठेवावी?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक लहानसा वाद झाला. नातीच्या मैत्रिणीचे लग्न ठरले होते. मैत्रीण कॅथलिक, तिचे घराणे मूळचे गोव्याचे. लग्न चर्चमध्ये, मिस्सेसह व्हायचे होते. नात म्हणाली, तिथे सगळी मंडळी पाश्चात्त्य पोशाखात येणार, तेव्हा आपणही लांब झगाच घालावा. सूनबाईंचे मत पडले की लग्न म्हटले म्हणजे साडी, मग ते चर्चमध्ये असो की कार्यालयात. धाकट्या भावजयीला निराळीच शंका आली. कुंकू लावून गेलेले चालेल का, की त्यांना ते खटकेल? शेवटी नात माझ्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, आता तुम्हीच सांगा.”

मला हसू आले, कारण हा प्रश्न आमच्या घरात नवा नव्हता. पासष्ट वर्षांपूर्वी याच घरात तो निघाला होता. फक्त तेव्हा तो झग्याचा किंवा कुंकवाचा नव्हता, पगडीचा होता.

संस्थानी बँडांत त्या काळी गोव्याकडचे वादक पुष्कळ असत, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आमच्या गल्लीच्या टोकाला असेच एक निवृत्त बँडमास्तर राहत. आजोबा दरबारच्या कचेरीत होते. दोघांची ओळख दसऱ्याच्या स्वारीतली आणि मैत्री संध्याकाळच्या बुद्धिबळातली. संस्थान विलीन झाले, बँड मोडला, कचेरीचे नाव बदलले, पण बुद्धिबळ चालूच राहिले. मास्तर वारले त्या दिवशी चर्चमध्ये जायला आजोबा निघाले ते नित्याच्या बाहेरच्या वेषात: पांढरा लांब अंगरखा, उपरणे आणि डोक्यावर पगडी. वडील दारात आडवे आले. म्हणाले, “तात्या, तिथे पुरुषांनी डोके उघडे ठेवायचे असते. पगडी घरीच ठेवा.” आजोबा म्हणाले, “मास्तरांच्या देवापुढे मी बोडक्या डोक्याने उभा राहू? माझ्या देवापुढे कधी राहिलो नाही.”

मी त्यांचे बोट धरून गेलो होतो. चर्चच्या दाराशी एका तरुण गृहस्थाने नम्रपणे डोक्याकडे बोट दाखविले. आजोबा थबकले. त्यांचा हात पगडीकडे गेला, पण ती उतरवेना. आपल्याकडे पगडी उतरणे याचा अर्थ काय होतो, हे तुम्हां-आम्हांस सांगायला नको. इतक्यात आतून उंच युरोपीय धर्मगुरू आले. त्यांनी आजोबांकडे एकवार पाहिले, त्या तरुणाला हाताने राहू दे असे खुणावले आणि आजोबांना आत नेऊन बाकावर बसविले. सारी प्रार्थना लॅटिनमध्ये होती. आजोबांना तिच्यातला एक शब्दही समजला नाही, पण ते अखेरपर्यंत हात जोडून होते.

तो धर्मगुरूंचा केवळ चांगुलपणा होता, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. पुढे वाचनात आले की चर्चचा कायदाही त्यांच्या बाजूचा होता. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मसंहितेत एक कलम होते. पवित्र विधींच्या वेळी पुरुषांनी डोके उघडे ठेवावे. स्त्रियांनी डोके झाकावे आणि शालीन पोशाख करावा, विशेषतः ख्रिस्तप्रसाद घेण्यास पुढे येताना. मात्र पुरुषांच्या बाबतीत त्याच कलमात एक सवलत होती: लोकांचा मान्य असलेला रिवाज निराळा असेल तर गोष्ट वेगळी. आजोबांची पगडी त्या सवलतीत बसत होती. आणि ही सवलत काही कागदावरची नव्हती. त्यापूर्वी तीनशे वर्षे, १६१५ साली, पोप पाचवे पॉल यांनी चीनमधील धर्मगुरूंना डोक्यावर टोपी ठेवून मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली होती. कारण चिनी माणसाला वडील माणसापुढे उघड्या डोक्याने उभे राहणे हा उद्धटपणा वाटे. चिन्यांना वाटे तेच आम्हांलाही वाटते.

या नियमाचे मूळ फार जुने. संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, प्रार्थनेच्या वेळी पुरुषाने डोके झाकू नये आणि स्त्रीने उघडे ठेवू नये, असा उपदेश आहे. उलट यहुदी पुरुष प्रार्थनेला डोके झाकून उभा राहतो. मुसलमानही बहुधा टोपी घालतो. आपला जुना गृहस्थ पगडी किंवा टोपीवाचून देवळात जात नसे. एकाची अदब ती दुसऱ्याची बेअदबी! वरवर पाहता हा सारा गोंधळ वाटेल. वस्तुतः सर्वांच्या मनात गोष्ट एकच आहे: मी माझ्याहून मोठ्या कुणाच्या तरी समोर उभा आहे, आणि ते माझ्या देहावरून दिसावे. संस्थानी शहरात वाढलेल्यांना हे समजणे कठीण जाऊ नये. दरबारात जायचे तर घरच्या कपड्यांवर कुणी जात नसे. राजाला कापडाची हौस होती म्हणून नव्हे. आपण कुठे चाललो आहोत, याची आठवण अंगावर असावी म्हणून.

आता नातीच्या समजुतीकडे वळतो. चर्चला जायचे म्हणजे साहेबी पोशाख हवा, ही ती समजूत. ती आपल्यात फार पसरली आहे आणि तिला इतिहास आहे; तो सुखाचा नाही. गोव्यात धर्मसमीक्षण सभेने, जिला आपण इन्क्विझिशन म्हणून ओळखतो, १७३६ साली एक हुकूमनामा काढला. स्थानिक ख्रिस्ती लोकांनी हिंदूंसारखे काय काय करू नये याची ती लांबलचक यादी होती. तीत पुरुषांनी धोतर, म्हणजे तिकडचे पुडवे, नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, हेही होते. लग्नातले विडे, गाणी, फुले यांवरही बंदी आली. देव बदलला एवढ्याने त्या सत्तेचे समाधान झाले नाही. तिला नेसूही बदलायला हवे होते.

पण कापडाची आठवण हुकमाने मरत नाही. गोव्याच्या कुणबी ख्रिस्ती बायकांनी खांद्यावर गाठ मारून नेसायचे आपले कापड पिढ्यान्पिढ्या टिकविले. वरच्या थरातल्या ख्रिस्ती घरांत पानो-बाजू हा पोशाख आला. खाली लुंगीसारखे गुंडाळायचे वस्त्र, वर सैल बाजू. तो धड पोर्तुगीजही नाही आणि धड आपलाही नाही. मांडो नाचताना तो आजही दिसतो. चर्चला जाताना अंगावरून घ्यावयाच्या पांढऱ्या वस्त्राला तिकडे वोल म्हणत. जुन्या स्त्रिया त्यात डोक्यापासून गुरफटून मिस्सेला जात. आणि आजही गोव्याची ख्रिस्ती नवरी चर्चमध्ये पांढऱ्या झग्यात उभी राहते खरी, पण तिच्यासाठी ‘सादो’ म्हणून लाल वस्त्र शिवले जाते आणि हातात चुडा भरला जातो. लग्नाचा रंग लाल, ही आपली सर्वांची जुनी समजूत तिथेही जिवंत राहिली. वसईकडच्या ख्रिस्ती बायकांनी तर नऊवारी लुगडे कालपरवापर्यंत सोडले नव्हते. ज्या समाजातील एक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या समाजाला परका समजून आपण साहेबाच्या वेषात त्याच्या दारी जावे, यात त्याचा मान तो कसला?

चर्चच्या इतिहासात याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितली पाहिजे. गोव्याच्या त्या हुकूमनाम्याच्या सव्वाशे वर्षे आधी, १६०६ साली, रॉबर्टो द नोबिली नावाचा इटालियन जेसुइट मदुरेला गेला. तो काषाय वस्त्रे नेसून संन्याशासारखा राहू लागला. त्याच्याच धर्मबांधवांनी त्याच्याविरुद्ध रोमला तक्रारी केल्या. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी निकाल दिला तो बव्हंशी त्याच्या बाजूने: त्यांत अंधश्रद्धेचा भाव नसेल तर शेंडी, जानवे, गंध या गोष्टी नव्या ख्रिस्ती लोकांना ठेवू द्याव्या. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, भारतातील बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली. पूजेच्या वेळी पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार करणे, आरती, आणि धर्मगुरूने जुन्या रोमन वस्त्रांऐवजी साधा झगा व अंगवस्त्र धारण करणे, या त्यांपैकी काही. म्हणजे ज्या नमस्काराने आजोबांनी मास्तरांना निरोप दिला, तो त्यानंतर दहा वर्षांच्या आत खुद्द मिस्सेच्या विधीत मान्य झाला.

मग चर्चला जाताना काहीही घालून गेले तरी चालेल का? मुळीच नाही. १९८३ सालच्या नव्या धर्मसंहितेत डोके झाकण्या-उघडण्याचे ते कलम राहिले नाही, हे खरे. पण १९९२ साली निघालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात असे सांगितले आहे की ख्रिस्तप्रसादाच्या प्रसंगी माणसाचे वागणे आणि वस्त्र यांतून त्या क्षणाचा आदर, गांभीर्य आणि आनंद प्रकट व्हावा. मला हे तीन शब्द फार नेमके वाटतात. नुसता आनंद धरला तर चर्चचे लग्नकार्यालय होते. नुसते गांभीर्य धरले तर रविवार सुतकाचा होतो. तिन्ही सांभाळील तो पोशाख योग्य. मग तो कोणत्या देशाचा आहे, हे विचारण्याचे कारण नाही.

येथे आपल्या सोवळ्याशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडेही पूजेचे वस्त्र निराळे असते; रेशमी मुकटा किंवा धूतवस्त्र. पण सोवळ्याचा एक गुण असा की ते नेसणाऱ्याला इतरांपासून वेगळे करते. मला शिवू नका, हे त्याचे पहिले वाक्य. चर्चमध्ये सर्वांनी एकाच बाकावर बसायचे असते. तेव्हा तिथल्या वस्त्राने माणसे वेगळी होता कामा नयेत. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात हा प्रसंग अगदी उघडपणे मांडला आहे. सभेत सोन्याची अंगठी आणि भारी वस्त्रे घातलेला मनुष्य आला, त्याच्यामागून मळक्या कपड्यांतला गरीब आला. पहिल्याला तुम्ही चांगली जागा दिलीत आणि दुसऱ्याला उभे ठेवलेत, तर तुम्ही न्याय केला की अन्याय, असा त्याचा सवाल आहे.

हा सवाल ख्रिस्ती समाजालाही सुटला असे नाही. गोव्यातल्या मिरवणुकीत कॉन्फ्रारियाचे, म्हणजे चर्चशी जोडलेल्या बंधुमंडळाचे सभासद लाल-पांढरे झगे व खांद्यावरची आवरणे घालून चालतात. ते वस्त्र कोणत्या जातीने घालावे यावरून कित्येक गावांत पिढ्यान्पिढ्या भांडणे झाली. सोवळे तिथेही मागच्या दाराने शिरले. ही गोष्ट मी त्यांना हिणविण्यासाठी लिहीत नाही. वस्त्र देवासाठी नेसता नेसता ते शेजाऱ्यासाठी कसे नेसले जाते, हे आपल्या घरातल्या गोष्टीपेक्षा शेजारच्या घरातल्या गोष्टीवरून लवकर कळते, इतकेच.

आता दारावरच्या पाट्यांविषयी. रोमच्या संत पीटरच्या महामंदिरात उघडे खांदे किंवा गुडघ्यांवरची विजार असेल तर आत सोडत नाहीत. आपल्याकडे मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासाने २०२५ च्या आरंभी असाच नियम जाहीर केला, तेव्हा मोठी चर्चा झाली. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाचे दर्शन दर दहा वर्षांनी होते. मागचे २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०२५ च्या जानेवारीत संपले. अशा ठिकाणी कुणी गुडघे टेकून प्रार्थना करीत असतो आणि त्याच्या शेजारी समुद्रावरून तसाच आलेला कुणी प्रवासी छायाचित्र घेत असतो. या प्रवाशाला कुणी अडविले तर मी अडविणाऱ्याच्या बाजूने उभा राहीन. दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या जागी आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्याने यजमानाच्या घराची रीत पाळणे यात कुणाच्या स्वातंत्र्याची हानी नाही.

तथापि, अडविण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. इटलीतील काही चर्चमध्ये दाराशी खांद्यावर घ्यायला वस्त्र ठेवलेले असते. ते घ्या आणि आत या. मला ही तऱ्हा पाटीपेक्षा शंभर पटींनी बरी वाटते. पाटीला अपमान आणि अज्ञान यांतला फरक कळत नाही. जाणूनबुजून उद्धट वेषात आलेला मनुष्य शंभरात एखादा. बाकीच्यांना माहीत नसते, किंवा कामावरून तसेच यावे लागलेले असते, किंवा दुसरे वस्त्रच नसते. मत्तयाच्या शुभवर्तमानात लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या पाहुण्याला बाहेर काढल्याची गोष्ट आहे, आणि पोशाखाचे कडवे पुरस्कर्ते तिचा दाखला देतात. पण त्या मेजवानीला रस्त्यावरून दिसेल त्याला बोलावून आणले होते, हेही त्याच गोष्टीत आहे. आणि ती गोष्ट मनाच्या तयारीची आहे, कापडाच्या किमतीची नाही. देवळाच्या किंवा चर्चच्या दारातून एकही गरीब माणूस कपड्यांपायी परत गेला, तर त्या दारावरची पाटी चुकली असे मी म्हणेन.

आता व्यवहाराचे चार शब्द. आपल्या घरांतून चर्चमधील लग्नाला, बारशाला किंवा अंत्यविधीला जाण्याचे प्रसंग पुष्कळ येतात, आणि ऐन वेळी गोंधळ होतो. बायकांनी साडी नेसावी. काठापदराची असली तरी हरकत नाही, फक्त लग्नात नवरीवर मात करण्याची हौस घरी ठेवावी. पदर डोक्यावरून घेतला तर उत्तमच, न घेतला तरी आज चालते. झगा घालायचा असेल तर खांदे झाकलेले आणि लांबी गुडघ्याखाली असावी. कुंकू पुसून आणि मंगळसूत्र लपवून जाऊ नये. आपण कोण आहोत हे यजमानाला ठाऊक असते. त्याने आपल्याला तसेच बोलावलेले असते. पुरुषांनी स्वच्छ सदरा-पायजमा, धोतर किंवा पँट-शर्ट, काहीही घालावे. अर्धी विजार आणि छातीवर मोठमोठी अक्षरे छापलेला सदरा नको. उन्हाची किंवा खेळाची टोपी असेल तर दारातच काढावी. ती आपल्याही आदराची खूण नव्हे. पादत्राणे बहुतेक ठिकाणी पायांत ठेवतात. जिथे दाराशी जोड्यांची रांग दिसेल तिथे आपणही काढावीत. अंत्यविधीला त्यांच्यात काळे घालतात, आपण पांढरे घालतो. दोन्ही रंगांचे दुःख एकच, तेव्हा आपले पांढरे खुशाल असू द्यावे. लोक उभे राहिले की उभे राहावे; ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी रांग लागली की आपण जागेवर बसून राहावे, कारण तो त्यांच्या श्रद्धेचा अंतरंग भाग आहे. हात जोडण्याला कुठेही मज्जाव नाही.

हे सारे मी नातीला सांगितले. अर्थात इतके लांबण लावून नव्हे. तिने आईची महेश्वरी साडी काढली. भावजयीने कुंकू लावले. मीही बरोबर गेलो. चर्चमध्ये माझ्या शेजारी नवरीच्या आजी बसल्या होत्या. त्यांनी साडीच्या काठाला हात लावून पाहिला आणि हे कापड कुठचे म्हणून विचारले. नात त्यांना अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून वसविल्याचे सांगू लागली. तेवढ्यात वेदीवर घंटा वाजली आणि दोघी गप्प झाल्या.

आजोबांची पगडी आमच्याकडे अजून एका डब्यात आहे. ती डोक्यावर ठेवील असा माणूस आता घरात नाही. आम्ही सारे सर्व देवांपुढे उघड्या डोक्यानेच जातो. तेव्हा काढावी की ठेवावी हा प्रश्न आपोआपच निकालात निघाला. परंतु आजोबांनी दारात उभे राहून जो प्रश्न केला होता, तो निकालात निघालेला नाही. मित्राच्या देवापुढे जाताना स्वतःच्या देवापुढे जावे तसे जायचे, एवढाच त्याचा अर्थ होता. त्या दिवशी त्यांनी तसे जाण्याचा हट्ट धरला, आणि एका परदेशी धर्मगुरूने तो ओळखला. आपल्या मुलानातवंडांनी चर्चमध्ये जाताना काय घालावे याची चिंता आपण जरूर करावी. पण तिथे ती कुणासाठी जात आहेत, हे त्यांना आधी सांगावे. पोशाख मग त्यांचा त्यांना सुचेल.